बापूकाकाच्या हौद्याची राखण

हे किस्से म्हणजे बाजाराच्या दिवशीचे पॅसेंजर. एकाला हात देऊन वर घ्यावं, तोवर मागून पाच जण ट्रकच्या मागच्या झडपेवर, फाळक्यावर, पाय टाकून चढलेले असतात. त्यामुळे सगळे मावणार नाहीत. जेवढे बसतील तेवढे सांगते.

मी दिल्लीहून परत आले ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. वडिलांची नोकरी तिकडची, म्हणून शाळा-कॉलेज सगळं तिकडेच झालं. समाजकार्याची पदवी हातात पडली आणि मी ठरवलं, आता आपल्या गावात जाऊन काम करायचं. गाव शेणव्याच्या पुढे, शहापूर तालुक्यात. डोक्यात चित्र पक्कं होतं. लोक रस्त्यासाठी, पाण्यासाठी, हक्कांसाठी पेटलेले असणार. त्यांना फक्त कुणीतरी एकत्र आणायचा अवकाश!

पहिल्याच आठवड्यात विहाराच्या अंगणात सभा बोलावली. दहा माणसं आली तरी पुष्कळ, असं मनात होतं. आलं अख्खं गाव. वर डोंगरातल्या वाडीवरचे लोकसुद्धा उतरून आले. मला भरून आलं. उभी राहिले, घसा साफ केला, तर पुढे बसलेली राधाआजी म्हणाली, "बस गो बाय. आदी तेलाचं होऊ दे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. कुणाकडे वाटी, कुणाकडे तांब्या, कुणाकडे बाटली. सगळी माणसं बापूकाकाच्या ट्रकला तेल लावायला आली होती. माझी सभा त्याच दिवशी पडली, एवढंच.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याचा ट्रक जुना. इंजिन धडधाकट, पण मागचा हौदा सगळा लाकडाचा, आणि आमच्याकडचा पाऊस लाकूड खातो. पावसाळ्यात एसटी शेणव्याला थांबायची. पुढे आमचं गाव आणि वरची वाडी यांना तो एकच आधार. बाजार, दवाखाना, भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्या हौद्यातून जायचं. फळ्या कुजल्या तर गाडीचं पासिंग होणार नाही, आणि नवी बॉडी बांधणं काकाच्या आवाक्यातलं नव्हतं. थोडक्यात, हौदा गेला की गाडी गेली. मुरबाडचा एक व्यापारी तर टपूनच होता. त्याला इंजिन आणि चासी हवी होती, लाकूड तो जळणाला देणार होता.

मीही आल्या दिवसापासून काकाला तेच सांगत होते. विकून टाक, पत्र्याची जीप घे. काका नुसता हसायचा.

तर त्या दिवशी घमेल्यात सगळं तेल एकत्र झालं. करंजाचं, मोहाच्या बियांचं, काकाने शहापूरच्या गॅरेजमधून आणलेलं काळं ऑइल. खाली निखारे ठेवून ते कोमट केलं आणि बायाबाप्ये हौद्यात चढून जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी फळ्यांना चोळायला लागले. फळ्यांच्या सांध्यांत, बोल्टांच्या डोक्यांखाली, फाळक्याच्या बिजागऱ्यांत. एकीकडे गाणी चालू. दरवर्षी पावसाआधीच्या या कामाला आमच्याकडे गाडीची हळद म्हणतात.

मी काकाला विचारलं, हळद का? तर म्हणाला, "पोरीला लावतात ती सासरी जायची म्हणून. हिला लावतो ती घरात राहावी म्हणून."

माझं भाषण राहिलं. संध्याकाळपर्यंत माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

*

हौद्यातली एकही फळी दुसरीसारखी नव्हती. एक ऐनाची, एक आंब्याची, एक सागाची पण मध्येच भोकं असलेली. मला वाटलं, काकाची गरिबी. नंतर कळलं, त्या फळ्या लोकांच्या होत्या.

झालं असं की जशी एकेक मूळ फळी गेली, तशी एकेका घराने आपली दिली. राधाआजीची फळी म्हणजे तिच्या पडलेल्या घराचं दार. भोकांची ती सोमादादाची. सोमादादा हा वरच्या वाडीचा कारभारी, आणि ती फळी त्याच्या बापाच्या बैलगाडीची. साहजिकच ज्याची फळी त्याने तिच्यावर बसायचं. माहेरवाशीण सणाला आली की शेणव्याला एसटीतून उतरून ट्रकमध्ये चढायची आणि आधी माहेरची फळी शोधायची. गाव यायला अजून अर्धा तास असायचा, पण ती पोचलेली असायची.

आणि भांडणं! एकदा सोमादादा बाजारातून उशिरा आला, तर त्याच्या फळीवर आमच्या गावचा एकजण मांडी घालून बसलेला. सोमादादा उभाच राहिला. काका म्हणाला, अरे, बस की कुठेतरी. सोमादादा म्हणाला, "बसतो नं. त्याला सांग, बापाच्या मांडीवरनं उठ."

तो उठला. पुढे वर्षभर गावात त्याला सगळे सोमादादाचा भाऊ म्हणायचे.

*

आता वऱ्हाडाचा किस्सा. हा माझ्या डोळ्यांदेखतचा.

हळद झाली की तेल मुरेपर्यंत काका हौद्यात कुणाला बसू द्यायचा नाही. पण एका साली हळदीनंतर लगेच लग्न निघालं, मुरबाडच्या बाजूला. काकाने फळ्यांवर पेंढ्याचा जाड थर दिला आणि बजावलं, पेंढा हलवायचा नाही. आमच्याकडे लग्नात पांढरे कपडे. नवरदेवापासून मामापर्यंत सगळे पांढरेशुभ्र. चढता चढता नवरदेवाच्या मामाला वाटलं, या पेंढ्याने नवे कपडे चुरगळतील, कुसळं टोचतील. म्हणून त्याने मोठ्या काळजीने सगळा पेंढा खाली ढकलला आणि जागा हाताने झाडून स्वच्छ केली.

मुरबाडला वऱ्हाड उतरलं तेव्हा प्रत्येकाच्या मागे दोन-दोन काळे पट्टे होते. फळ्यांच्या मापाचे, सरळ, जणू छापखान्यातून काढलेले. नवरदेवाच्याही. बँडवाला वाजवायचा थांबला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलीचा बाप शांत माणूस. त्याने वऱ्हाडाला एक फेरी मारली, सगळ्यांच्या मागून, आणि म्हणाला, "बरं झालं. जेवनाला परकं कोन घुसतंय ते कळंल."

खरंच, त्या दिवशी पंगतीत पाठीमागून बघून माणसं बसवली. अजून त्या भागात आमच्या गावाला पट्ट्यांचं गाव म्हणतात. आणि अजून तिकडून मुली द्यायला लोक तयार असतात.

*

हौद्याचा मोठा वैरी पाऊस नव्हे, बैलाचं मूत. हे सुमनकाकीचं म्हणणं. सुमनकाकी म्हणजे बापूकाकाची बायको, गावातली सगळ्यात घरंदाज बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, मोठ्याने कधी हसली नाही.

मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या, गुरांच्या जत्रेला बैल न्यायचे असले की ट्रकला मागणी असायची. मूत फळ्यांत मुरलं की त्यावर पावसाचं पाणी टिकून राहतं आणि बोल्ट गंजतात. म्हणून बैल वर चढवण्याआधी खालीच मोकळा व्हायला हवा. त्यासाठी शीळ घालावी लागते. शेतकऱ्याची लांब, हलकी, पाणी वाहिल्यासारखी शीळ. काकाला ती जमत नव्हती. काकीला जमायची.

तर दृश्य असं. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा, शेजारी खोंडांची रांग, आणि डोक्यावरून पदर घेतलेली काकी दूर कुठेतरी बघत शीळ घालतेय. आणि एकेक बैल तिचं ऐकतोय! मी अशी शिस्त दिल्लीत कुठल्याही मोर्च्यात पाहिली नव्हती.

एकदा अशीच शीळ चालू असताना मोटारसायकलवरून एक गॉगलवाला गेला. थोडं पुढे जाऊन थांबला. वळून आला, केस नीट केले, आणि काकीकडे बघून हसला.

काकी शीळ न थांबवता त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या शेजारच्या बैलाने काम केलं. मग ती म्हणाली, "तुला नाय रे दादा, त्याला. पन तुला आली असंल तर तिकडं झाडामागं जा."

*

जयंतीला हाच ट्रक मिरवणुकीचा रथ. पण त्यावर खिळा ठोकायला बंदी. खिळ्याच्या भोकातून पाणी आत जातं, असं काकाचं म्हणणं. मग कमान, झेंडे, पताका, सगळं सुंभाने आवळून बांधायचं. शहापूरहून आलेला डेकोरेशनवाला वैतागून हातोडी टाकून बसायचा आणि आमच्या बाया त्याला गाठी शिकवायच्या.

एका साली कल्याणहून वक्ते आले. मीच बोलावले होते. जोरकस बोलणारे. हौद्यात उभे राहिले आणि प्रत्येक मुद्द्याला टाच आपटायला लागले. अन्याय, की टाच. संघर्ष, की टाच. समोर लोकांच्या माना टाचेबरोबर खाली-वर व्हायला लागल्या. मला वाटलं, भाषण रंगतंय. नंतर बघते तर राधाआजीच्या डोळ्यांत पाणी. वक्ते तिच्या दारावर उभे होते.

शेवटी काकाने केबिनच्या खिडकीतून डोकं काढलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, पायानं नका सांगू. हातानं सांगा."

वक्ते थबकले. खाली फळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि उरलेलं सगळं हळू आवाजात बोलले, घरात बसून बोलावं तसं. मी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण तसं पुन्हा ऐकलं नाही.

*

आणि आता आषाढातला तो दिवस.

काका मलेरियाने आजारी पडला. त्याला आम्ही शहापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, काकी आणि मी आळीपाळीने उशाशी. बाहेर पाऊस असा की समोरचं दुकान दिसेना. ट्रक गावाच्या वेशीवर, ताडपत्री टाकून, तोंड चढाकडे करून उभा होता, म्हणजे पाणी फाळक्याकडून निघून जावं. तेवढ्यात शेणव्याहून आलेल्या एकाने ऐकीव बातमी दिली. परवाच्या वाऱ्यात ताडपत्री फाटली, निम्मी तर उडूनच गेली.

काकाने तोंड भिंतीकडे केलं. ताप उतरत होता, पण आवाज उतरलेला. तसाच म्हणाला, यंदा तेलही कमीच पडलं होतं, दोन दिवसांचं उघडं पाणी फळ्यांनी प्यालं असेल. फुगल्या की संपलं. मुरबाडचा तो व्यापारी उद्या सकाळी गावात येणार होता, विचारायला. काका म्हणाला, "तू शिकलेली हायस. तूच बोल त्याच्याशी. होय म्हन. माझ्या तोंडातनं निघनार नाय."

मी त्याच दुपारी निघाले. होय म्हणायचंच होतं, तरी आधी हौदा बघावा असं वाटलं. शेणव्याला एसटीतून उतरून चालत सुटले. छत्री वाऱ्याने उलटली ती तशीच काखेत मारली.

दोन्ही बाजूंना भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू होती. चिखलात वाकलेली ओळखीची माणसं. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं. आवणीला सगळ्यांच्या पाठीवर इरलं असतं, बांबूच्या काड्यांवर पळसाची पानं विणलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारं. त्या दिवशी एकाच्याही पाठीवर नव्हतं. राधाआजीच्या पांढऱ्या केसांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सोमादादा वाडीवरच्या लोकांना घेऊन खाली आमच्या शेतात उतरला होता. त्याचाही सदरा अंगाला चिकटलेला. मी बांधावरून ओरडून विचारलं, इरली कुठे गेली?

राधाआजीने फक्त रोपांची मूठ या हातातून त्या हातात घेतली.

वळण ओलांडलं आणि ट्रक दिसला.

हौद्यावर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत बांबू आडवे टाकले होते. त्यांवर इरली. गावातली आणि वाडीवरची, झाडून सगळी. एकावर एक, खालपासून वरपर्यंत, खवल्या मांजराच्या पाठीसारखी. सुंभाने जागोजाग आवळलेली, एकही खिळा नाही. वरून पाणी धो-धो वाहत होतं आणि फाळक्यामागे जाऊन पडत होतं. दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवली होती, लाकूड गुदमरू नये म्हणून.

मी वाकून आत शिरले. आत पानांचा आणि करंजाच्या तेलाचा वास होता. चाचपडत भोकांच्या फळीवर हात ठेवला. मग दारावर, मग आंब्याच्या फळीवर. सगळ्या कोरड्या होत्या.

खाली शेतात कुणीतरी गाणं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरबाडचा व्यापारी आला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, गाडी विकायची नाय. तो गेल्यावर ओढणी कमरेला खोचली आणि आवणीला गेले, डोक्यावर काही न घेता.