एका ओळीतली दोन नावं

छाया गुंजाळ एसटीत कंडक्टर आहे, आणि डोकी आणि तिकिटं जुळल्याशिवाय तिची गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवू दे, मागची गाडी पुढे निघून जाऊ दे, ही मागच्या सीटपासून बोट नाचवत मोजत येणार, हिशेब पटला की मगच दोन घंट्या देणार. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एकदा वडाळीभोईला एक डोकं कमी भरलं, तेव्हा हिने तीनदा गाडी मोजली. लोक वैतागले, कोणीतरी शिव्याही दिल्या. शेवटी एक म्हातारी सापडली, सीटखाली वाकून सांडलेले शेंगदाणे वेचत बसलेली. “बघा, होती ना?” छाया म्हणाली, आणि घंटी दिली. बावीस वर्षं नाशिक-चांदवड रस्त्यावर तिने हेच केलंय. अशा बाईच्या वाट्याला जाऊ नये. पण तिचा सख्खा भाऊच तिच्या वाट्याला गेला.

भाऊ भारत चांदवडजवळच्या गावी राहतो, कांदा पिकवतो, आणि माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

छाया चोविसाव्या वर्षी नोकरीला लागली. त्यानंतर घरच्यांनी तीन स्थळं आणली आणि तिने तिन्हींना नाही म्हटलं. वडिलांनी, भिमाजींनी, एकदाच विचारलं, “का गं?” तर म्हणाली, “मला नोकरी करायची हाय.” खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर बायका पुष्कळ वर्षं काढतात.

उरलेलं अर्धं सकाळी सव्वासहाच्या गाडीने यायचं. साधना पगारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, नाशिकहून वडाळीभोईला उतरून पुढे वस्तीवरच्या शाळेत जाणारी. गाडी भरलेली असली की छाया आपल्या कंडक्टर सीटवर सरकून तिला जागा करून द्यायची. दोन वर्षं दोघी त्या सीटवर बसून वह्या तपासण्यापासून ते डाळीच्या फोडणीपर्यंत सगळं बोलल्या आणि जे बोलायचं ते सोडून बसल्या. मग एके दिवशी साधनाच बोलली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघी नाशिक रोडला, जेलरोडवर दोन खोल्यांत राहतात. भिंतीवर साधनाने लावलेली बुद्धाची तसबीर आहे, कपाटावर छायाने ठेवलेली रेणुकामाता आहे, आणि भांडण झालंच तर ते कोणी कुठला पंखा बंद करायचा यावरून होतं.

गावाला हे सगळं माहीत होतं आणि कोणालाच काही माहीत नव्हतं. “छायाची मैत्रीण” एवढ्यावर सगळ्यांची सोय झाली होती. भारतची मुलगी साक्षी नर्सिंगला नाशिकला आली, तर चार वर्षं याच दोन खोल्यांत राहिली. तिचा डबा साधनाने केला, डेंग्यू झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी साधनाच बसली. साक्षी तिला पहिल्या वर्षीपासून साधनाआत्या म्हणायची आणि त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती.

मग नाशिकमध्ये प्राइडची फेरी निघाली, अशा जोडप्यांनी उजळ माथ्याने चालायची. छायाने त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी घेतली, ठेवणीतली अबोली साडी नेसली, केसात शेवंतीची वेणी माळली आणि साधनाच्या हातात हात घालून दोन तास उन्हात चालली. साधनाने फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘आम्ही इथल्याच’. आयुष्यात पहिल्यांदा छायाला भर रस्त्यात चालताना आजूबाजूला कोण आहे हे बघावंसं वाटलं नाही. तिला फार आनंद झाला होता. घरी येऊन ती उगाचच गाणं गुणगुणत भांडी घासत बसली.

फेरीत कोणीतरी काढलेला दोघींचा फोटो संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर पोचला. टाकणारे होते चुलते सावळीराम, ज्यांना रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाचं फूल पाठवायची सवय आहे. या वेळी त्यांनी छाया पाठवली, आणि खाली लिहिलं, ‘हे काय ते कळेना’. कळलं नसतं तर टाकला कशाला असता, पण ते असो.

भारतने त्यावर बहिणीला काहीच विचारलं नाही. तो नुसता फोन कमी करू लागला. आणि पुढच्या दोन महिन्यांत साक्षीचं लग्न राकेशशी ठरलं.

आता आमच्याकडची लग्नपत्रिका ज्याने पाहिली नाही त्याला सांगायला हवं. तिच्यात लग्नाची माहिती कोपऱ्यात असते. बाकी सगळी नावं. आजोबा, चुलते, मामा, आत्या, त्यांची मुलं, सुना, दाजी, गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मित्रपरिवार. मेलेल्यांना जागा असते, ‘कै.’ लावून. अजून बोलायला न शिकलेल्या पोरांना जागा असते, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून. नवराबायको एका ओळीत. एक नाव राहिलं तर ते घर दहा वर्षं बोलत नाही. भारतच्या मोठ्या मुलाच्या, ललितच्या पत्रिकेत साधनाचंही नाव होतं, मित्रपरिवारात, भारतच्या दोन दोस्तांच्या मध्ये. तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

या वेळी छाया हसणार नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती गावी गेली. भारत ओसरीत नावांची यादी करत बसला होता.

“आत्यांमध्ये माझ्या ओळीत साधनाचं नाव टाक, दादा,” ती म्हणाली.

“मित्रपरिवारात टाकतो की.”

“मित्रपरिवारात नाही. माझ्या ओळीत.”

भारतने पेन खाली ठेवलं. “छाये, तुला कळतं का तू काय बोलू राहिली? आधीच तो फोटो सगळ्या गावानं पाह्यला. त्यात तिचं आडनाव. लोक आणखी एक प्रश्न काढतील.”

“काढू दे. दोन्हीचं उत्तर एकच हाय. ती माझ्या घरातली हाय.”

“आणि पाव्हण्यांकडं काय तोंड दाखवू?”

“राकेश जेवून गेलाय साधनाच्या हातचं. साक्षीनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय सगळं. पाव्हण्यांचं नाव पुढं करू नको, दादा. भीती तुझी हाय.”

भारतने पेन पुन्हा उचललं आणि “बघतो” म्हणाला. भारतचं “बघतो” म्हणजे नाही, हे छायाला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिने विश्वास ठेवला. तिची चूक एवढीच.

पंधरा दिवसांनी मोबाइलवर पत्रिकेचा फोटो आला. हळदी रंगाची, गणपती वगैरे. छायाने बोटांनी मोठी करून आत्यांची रांग शोधली. छाया भिमाजी गुंजाळ. एकटीच. मित्रपरिवारही तिने वाचून काढला. तिथेही नाही. तिने फोन लावला तर भारत घाईघाईने म्हणाला, “समाधानच्या प्रेसमधून हजार छापून आल्या, छाये. आई पहिली पत्रिका देवीला ठेवून पण आली. देवीला दिलेली पत्रिका आता बदलता येती का? तूच सांग.”

आमच्याकडे पहिली पत्रिका हळदकुंकू लावून चांदवडच्या रेणुकामातेला ठेवतात, मगच गावात वाटतात. एकदा ती तिथे गेली की शिक्का बसला. भारतने त्यासाठीच प्रेसमधून गठ्ठा आला त्याच दुपारी आईला मोटारसायकलवर बसवून देवळाच्या पायथ्याशी नेलं होतं. देवीच्या आड लपणारे पुष्कळ असतात, त्यात तोही गेला.

संध्याकाळी साधना म्हणाली, “जाऊ दे गं. मला नावाचं काही नाही. तू जा लग्नाला. साक्षीला वाईट वाटेल.”

“मला आहे नावाचं,” छाया म्हणाली.

साधना भाजी चिरायची थांबली. म्हणाली, “मलाही आहे. चार वर्षं डबा केलाय मी तिचा.” आणि मग तिला रडू आलं. छायाने तिला रडू दिलं, आणि कपाटातून दोन निळी पेनं काढून पर्समध्ये टाकली.

रविवारी सकाळी दोघी गावी उतरल्या. ओसरीत बाजेवर पत्रिकांचे गठ्ठे होते. शेजारी भारत, आणि उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली त्यांची आई, नवसाबाई. साक्षी आतून धावत आली आणि साधनाच्या गळ्यातच पडली.

छायाने पर्समधून पेन काढलं. “दादा, दोनातलं एक सांग. हजार पत्रिकांवर माझं नाव खोडू, का हजार पत्रिकांवर तिचं लिहू? दोन्हीला मी दिवस काढून आलेय.”

“अगं, देवीला गेली ती पत्रिका!” भारत ओरडला. “तिच्यावर कोण लिहिणार?”

“नाय गेली,” नवसाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. म्हातारीने हात पदराला पुसले, उशाखालची कापडी पिशवी ओढली आणि हळदकुंकवाची बोटं उठलेली पत्रिका काढून बाजेवर ठेवली.

“मला वाचता येत नाय, पर मोजता येतं,” ती म्हणाली. “वर चढायच्या आधी फुलवाल्याकडून वाचून घेतली. सगळी नावं वाचली बिचाऱ्यानं. म्हटलं, साधनाचं वाच. म्हणे, नाय आजी. म्हटलं, नीट बघ. म्हणे, नाय. मग मी देवीला नुसती फुलं वाह्यली अन् माघारी आले.”

“आई, तू मला बोलली का नाय?”

“तू इचारलं का?” नवसाबाईचा आवाज चढला. “माझ्या डोळ्यांचं आपरेशन झालं, तवा चाळीस दिवस थेंब कोणी घातले रं? तू आला व्हता? मी ज्या डोळ्यांनी देवीला बघते ना, ते तिनं राखलेत. त्या पोरीला गाळून पत्रिका मी देवीपुढं ठेवायची नाय. तू ठेव, तुझी छाती आसंल तर.”

भारतची छाती नव्हती. तो खांबाला टेकला. मग एकदम लहान पोरासारखा म्हणाला, “पण दारोदार पत्रिका वाटायला मी जाणार ना? लोक मला विचारतील!”

“मग सांग,” छाया म्हणाली.

तिने पहिली पत्रिका गुडघ्यावर घेतली, ती हळदीची, आणि आपल्या नावापुढे निळ्या शाईने लिहिलं: ‘व साधना पगारे’. साधनाने दुसरं पेन मागितलं तर दिलं नाही. “आपलं नाव आपण नाही लिहायचं,” छाया म्हणाली. ते पेन साक्षीने घेतलं. दुपारपर्यंत आत्या-भाचीने दोन गठ्ठे संपवले. साधना नवसाबाईशेजारी लसूण सोलत बसली होती आणि मधूनमधून “हा ‘ध’ नीट काढ” असं साक्षीला बजावत होती.

ऊन कलताना भारत येऊन एक पत्रिका उचलून बघू लागला. मागेपुढे धरून बघितली, लांबून बघितली. आणि कपाळावर हात मारला.

“काय झालं?” छायाने विचारलं.

“काय झालं काय! एवढ्या नावांत हेच डोळ्यात भरू राहिलं. छापलं असतं तर कोणाचं ध्यान पण नसतं गेलं!”

साक्षी खो खो हसत सुटली. नवसाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. “थांबा, समाधानला सांगून नव्या छापून आणतो,” भारत म्हणाला. “आता एका ओळीत. छापलेल्या.”

“राहू दे,” छाया म्हणाली. “लिहिलेलंच बरं आहे.”

मंगळवारी हळदीची पत्रिका देवीपुढे गेली. नवसाबाई स्वतः पायऱ्या चढली, साधनाच्या खांद्यावर हात ठेवून. बुधवारी भारत वाटायला निघाला, तेव्हा छाया पत्रिकांची पिशवी घेऊन त्याच्या मागे मोटारसायकलवर बसली. पहिलं घर मानाचं, चुलते सावळीरामांचं.

भारत गाडीवरून उतरलाच नाही. सावळीरामच फाटकापर्यंत आले, अक्षता घेतल्या, चष्मा लावला आणि पत्रिका वरपासून वाचू लागले. त्यांचं बोट मामांवरून चुलत्यांवर आलं, स्वतःच्या नावावर जरा रेंगाळलं, आत्यांच्या रांगेत शिरलं आणि निळ्या शाईपाशी थांबलं.

“ही कोण रे, भारत?”

भारतच्या मानेवर घाम आलेला छायाला दिसत होता. तिच्या ओठांवर उत्तर होतं, बावीस वर्षं भरल्या गाडीत ओरडून कमावलेल्या आवाजात. पण ती गप्प बसली. हे तिकीट भारतलाच काढायचं होतं.

भारतने हँडल घट्ट धरलं. “साक्षीची आत्या,” तो म्हणाला.

“आत्या तर छाया ना?”

“दोघी.” त्याचा आवाज फाटला, म्हणून तो पुन्हा, मोठ्याने बोलला. “साक्षीला दोन आत्या हायेत, नाना. दोघी एका घरात राहत्यात. मांडवात पण दोघी येणार. ग्रुपवर टाकायचं तर टाका.”

सावळीरामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छायाने मागून एकदा भावाच्या पाठीकडे पाहिलं, एकदा पिशवीतल्या पत्रिकांकडे. सगळी नावं होती. कोणी राहिलं नव्हतं.

तिने त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली, आणि भारतने गाडी सुरू केली.