मे महिन्यातले थंड हात

नागपुरात भर मे महिन्यात कोणाचे हात बर्फासारखे लागले तर घाबरावं, हे मला ठाऊक नव्हतं. उलट माझी चैन झाली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बायकोला अर्धशिशी होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी डोकं ठणकायला लागताच घ्यायची आणि आठवड्याची ठरलेली हद्द ओलांडायची नाही, असा साधा हिशेब होता. पण तिच्या भावाचं लग्न निघालं. बँड, ऊन आणि व्याही, तिघांनीही तिचं डोकं उठवलं. ती फुटाण्यासारख्या गोळ्या खाऊ लागली.

दुपारी मी तिचा हात मानेवर ठेवून घेई. "वा! वाळ्याच्या पाण्यात बुडवून आणला काय?"

"मस्करी सुचते तुमाले! बोटं बधिर होऊन राहिली माही."

डॉक्टरांनी दोन्ही मनगटं चाचपली. नाडी सापडेना, तसं त्यांचं हसू गेलं. "ही गोळी डोक्याच्या शिरा आवळते. जास्त घेतली की हातापायांच्याही आवळते. अजून चाललं असतं तर बोटं काळी पडली असती. आणि सारखी घेतली तर तीच डोकं दुखवते."

गोळी त्याच दिवशी बंद झाली. पुढचे काही दिवस डोकं भयंकर दुखलं. तिने डॉक्टरांना, मला आणि व्याह्यांना सारख्याच शिव्या घातल्या. मग हळूहळू बोटांत ऊब आली.

सवयीने मी हात मानेवर ओढला. चांगलाच गरम लागला.

"आता थंड पाहिजे असन," ती म्हणाली, "तर माठ कवटाळून बसा."