फास्त म्हणजे पक्कं

सातवीत मी शाळा सोडली. साताऱ्याकडे गुरं राखली, मग पुण्यात भटारखान्यात लागलो, आणि तिथून एकदम हॉलंड, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका हॉटेलात आचारी. कोरोनाच्या पहिल्या लाटेत हॉटेल बंद पडलं. जवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात ज्या डच बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहायचो, त्या पंचाहत्तरीच्या, त्यात दमेकरी. दुसरं कुणी असतं तर मला केव्हाच घालवलं असतं. यांनी उलट रोज जिन्यावर माझ्यासाठी सूप ठेवलं. म्हणून मला एकच धास्ती होती, माझ्यामुळे या बाईंना काही होता कामा नये. त्या स्वयंपाकघरात असल्या की मी जिना उतरत नसे. अडीच महिने दीड मीटरच्या आत गेलो नव्हतो.

एका सकाळी म्हणाल्या, नवऱ्याची जुनी बोट आहे, समुद्रापर्यंत जाऊन येऊ, तू पुढच्या टोकाला बस, मी मागे सुकाणूवर. मला पोहता येत नाही हे सांगवलं नाही. एवढे उपकार केलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

कालव्यातून स्पार्ने नदीत आलो. विटांची घरं, त्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. हार्लेमचे पूल आमच्यासाठी उघडायचे आणि सायकलवाले गुमान थांबायचे. मी बोटीची कड दोन्ही हातांनी धरून बसलेलो.

समुद्राच्या अलीकडे पाण्याची एक कोंडी आहे. मागचं दार मिटतं, आतलं पाणी समुद्राच्या पातळीला उतरतं, मग पुढचं दार उघडतं. बाईंनी भिंतीतल्या खुंटाकडे बोट दाखवलं आणि दोरीबद्दल काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला ‘फास्त’ तेवढा कळला. हा शब्द इथल्या प्रत्येक कामगाराला पाठ. फास्त नोकरी म्हणजे पक्की, कायमची. मला ती अजून मिळायची होती. तर मी दोरी खुंटाला पक्की केली. बैलाला घालतो ती गाठ, ओढेल तशी आवळणारी. त्या म्हणत होत्या ‘फास्तहाउडन’, म्हणजे नुसती धरून ठेव, बांध नव्हे.

पाणी उतरू लागलं, बोट उतरेना. माझं टोक वर टांगलं, बाईंची बाजू खाली कलली. गाठीत बोटं शिरेनात. बाई रांगत पुढे आल्या, पाव कापायची सुरी माझ्या हातात देत म्हणाल्या, “काप ती.”

कापली. बोट धाडकन आदळली आणि बाई माझ्या अंगावर. त्यांचा गाल माझ्या तोंडाशी, श्वासाची शिट्टी वाजत होती. मी मराठीतच विचारलं, लागलं का? त्यांनी दम्याचा पंप ओढला आणि म्हणाल्या,

“कुठे पळून जाणार होती रे ती बोट?”

दार उघडलं. माझा श्वास त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून मी तोंड किनाऱ्याकडे वळवून बसलो. वाळूच्या टेकड्या, त्यांवर वाऱ्यानं झोपलेलं फिकं गवत, लाटेतून डोकं काढून आमच्याकडे बघणारा एक सील. इतका सुंदर किनारा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि मी मोजत होतो, आज पहिला दिवस. खोकला पाचव्या दिवशी येतो की चौदाव्या?

मागून बाईंनी विचारलं, छान आहे ना? तोंड न उघडता मी मान हलवली.

पुढचे दोन आठवडे रोज पहाटे मी खोलीत जमिनीला कान लावायचो. त्यांचा दम्याचा खोकला मला पाठ झाला. त्यात नवं काही आलं नाही.