देवीचा डबा

नवऱ्याचं नाव दौलत आणि घरात पैसा टिकत नाही, यावरून लालबागच्या त्या चाळीत शांताची चेष्टा झाली नाही असा एक सण गेला नसेल. उखाण्याची वेळ आली की बायका तोंडाला पदर लावून तयारच. "घे गं, घे! पेटीत नाय तर निदान तोंडात तरी दौलत येऊ दे!" शांताही काही कमी नव्हती. "माझी दौलत साच्यावर उभी असते बाई, तुमच्यासारखी गादीखाली दडपलेली नसते," असं ठणकावून सांगायची. दौलत गिरणीत साचेखात्यात होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. माणूस सरळ, देवभोळा, आणि हाताचा इतका सैल की गावाकडचं कोणी येऊन "दौलतदा, जरा अडचण होती" म्हणालं की ह्याचा खिसा उलटा झालाच. तेव्हा घरात चार पैसे मागे टाकायचे तर ते शांतानंच टाकायचे.

आणि ती टाकायची. गावच्या तीन-चार गिरणी कामगारांची खानावळ ती चालवत होती. तांदूळ मोजून झाले की त्यातली एक मूठ परत काढून वेगळ्या डब्यात टाकायची. साबणाचे झिजलेले तुकडे थापून नवी वडी करायची. चिंगूस म्हणावं तर ताटावर बसलेल्या माणसाला तिनं कधी अर्धपोटी उठवलं नाही. लोकांचं पोट भरून स्वतःचा संसार वाचवायचा, ही कला देवानं तिला दिली होती. एक मूल तेवढं द्यायचं राहिलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता.

तो हलायची चिन्हं दिसली ती नेमकी ब्याऐंशी साली. जानेवारीत संप झाला, गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि होळीच्या सुमाराला शांताला भाताचा वास सोसेनासा झाला. आता बोला! सात वर्षं पगार येत होता तेव्हा हे बाळ कुठे गेलं होतं कोण जाणे. खानावळीतली माणसं एकेक करून गावाला गेली आणि घरात यायचा होता तो पैसा थांबला. दौलत मात्र खुळ्यासारखा हसत चाळीच्या गॅलरीतून फेऱ्या मारत होता.

पहिलं बाळंतपण आईकडे करायची रीत. शांताला आई नव्हती. ती लहान असताना, धाकट्या भावाच्या वेळी, आई अडली होती. डोंगरावरची वाडी, खाली दवाखाना. डोलीतून उतरवता उतरवता वाटेतच सगळं संपलं, आईही आणि भाऊही. त्या डोलीमागून शांता अनवाणी धावली होती. म्हणून तिनं मनाशी एकच गोष्ट पक्की धरली होती, की आपलं बाळंतपण मुंबईतच होणार, दहा मिनिटांच्या वाटेवर असलेल्या म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात. बाकी जगाचं काही का होईना.

पण चाळ रिकामी होत चालली होती. पगार नाही म्हटल्यावर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गावाला पळत होती. तिची सासू जाईबाई गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे एकच निरोप धाडायची, "सुनेला पाठव. सुईण आहे, मी आहे." सासूची शांताला भीतीच वाटायची. दौलत तर आईच्या शब्दाबाहेर नाही. पण बायकोचं तोंड बघून तो म्हणाला, "हे बघ, पैसे आहेत तोवर राहू. संपले की मग गाव."

म्हणजे मुंबईत राहायचं तर पैसे संपता कामा नयेत, एवढंच. पण संपाच्या दिवसांत घरात उघडा पैसा टिकतो होय! शेजारच्याला औषध, खालच्याला रॉकेल, आणि दौलतचा तो सैल हात. शिवाय "बाळासाठी ठेवलेत" असंही बोलायची सोय नव्हती. न जन्मलेल्या पोराच्या नावानं काही ठेवायचं नाही, काही घ्यायचं नाही, दृष्ट लागते, ही जाईबाईची शिकवण सगळ्या वाडीची शिकवण होती. झबलं शिवायचं नाही, पाळणा आणायचा नाही. पहिलं अंगडंसुद्धा दुसऱ्याच्या पोराचं जुनं, मागून आणलेलं.

तेव्हा शांतानं डोकं चालवलं. डालडाचा एक रिकामा डबा घासून-पुसून घेतला, त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली, तोंडाला लाल खण बांधला आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवला.

"हे काय गो?" दौलतनं विचारलं.

"गावच्या देवीचे पैसे आहेत ह्यात. बोललेय मी काहीतरी तिला. तुम्ही विचारू नका."

दौलतनं विचारलं तर नाहीच, वर पायांतल्या चपला काढून हात जोडले. असा नमस्कार त्यानं गिरणीच्या मॅनेजरलाही कधी घातला नसेल.

मग शांता मसाल्याच्या गल्लीत मिरच्या निवडायला जाऊ लागली. डंकावर मसाला कुटायला जायच्या आधी मिरच्यांची देठं काढायची असतात, किलोवर मजुरी. पोट सांभाळत भिंतीला टेकून बसायचं, शिंकायचं, डोळे पुसायचे आणि पुसलेल्या हातानं ते आणखी झोंबले की हसायचं. घरी आलं की हाताला खोबरेल चोळायचं आणि मजुरीतलं अर्धं डब्यात टाकायचं. पावसाळ्यात ते काम बंद झालं, तर ती हॉटेलवाल्यांच्या लसणी सोलून द्यायला लागली. तेल संपलं, साखर संपली, दौलतनं विडी सोडली, पण डब्याकडे त्यानं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. एकदा वाण्यानं चारचौघांत अपमान केला तेव्हा त्याचे डोळे क्षणभर फळीकडे गेले. पण लगेच त्यानं स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. शांताला त्या घडीला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिच्या हातून झाली. बाजारात एका फेरीवाल्याकडे काळ्या मण्यांच्या मनगट्या टांगल्या होत्या, तान्ह्या पोराच्या हातात बांधतात त्या. बघू नये म्हणून तिनं मान फिरवली, पुढे गेली, परत आली आणि घेतल्या. चोरी केल्यासारखी घरी येऊन तिनं त्या डब्याच्या तळाशी दडवल्या.

गणपती आले. आयुष्यात पहिल्यांदाच दौलतला गणपतीला गावी जायला मिळणार नव्हतं. खालच्या मजल्यावरचा गुणाजी तेवढा निघाला. त्या दिवशी शांता हॉस्पिटलात तपासायला गेली होती. दिवस भरत आलेत, सांभाळून राहा, असं नर्सनं सांगितलं होतं. जिने चढून, धापा टाकत ती घरात आली आणि सवयीनं फळीकडे बघितलं. डब्याच्या जागी गंजाचं वर्तुळ होतं.

"डबा?"

दौलतचा चेहरा नुसता फुलला होता. "दिला पाठवून! तू जड अंगाची, तुला सारखं त्याचंच ओझं. म्हटलं, देवीचं देणं पोर यायच्या आधी फिटलेलं बरं. गुणाजी आईच्या हातात देईल, ती देवळात ठेवेल. आणि ऐक, माझा चांदीचा करगोटा पण टाकला त्यात. तुझी सुटका नीट होऊ दे म्हणून."

शांता खालीच बसली. आधी तिला हसू आलं, मग ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि ती हमसाहमशी रडायला लागली.

"अवो, देवी कुठली! देवी ही!" तिनं पोटावर हात मारला. "ह्याचे पैसे होते ते! इथं राहायचे पैसे होते!"

दौलतला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभाच राहिला. बायकोवर ओरडावं तर तिच्या हातांची मिरचीनं सोललेली कातडी समोर दिसत होती. देवीला दिलेलं परत मागायचं, हे त्याच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. आणि आपल्या कंबरेचा करगोटा काढताना आपण किती खूश होतो, ते आठवून त्या भल्या माणसाला रडू फुटलं. दोघं शेजारी शेजारी बसून रडली.

"मग आता?" त्यानं विचारलं.

"आता काय? बांधा बोचकं."

गौरी-गणपती गेले. गाडीभाड्यासाठी तांब्याचा हंडा विकायला काढला होता. शांता मुकाट्यानं लुगडी बांधत होती, आणि प्रत्येक घडीगणिक तिला ती डोली दिसत होती. देवीच्या नावानं खोटं बोललो, त्याचंच हे फळ, अशी तिची खात्री झाली होती. अशात सकाळच्या वेळी गुणाजी परत आला आणि त्याच्या मागोमाग, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन, दारात जाईबाई उभी राहिली.

मला न्यायला आली, असं शांतानं धरलंच. जाईबाई बसली. पाणी प्यायली. गाठोडं सोडून तिनं तांदळातून डालडाचा डबा वर काढला. लाल खण तोच होता, पण गाठ दुसरी होती.

"ह्ये मनगट्ये कोणी घेतल्यान?"

शांताची मान खाली. "मी."

"जल्माच्या आधी?"

दौलत मधे पडायला गेला, तर आईनं नुसतं बघितलं आणि तो मागे सरला. जाईबाईनं मनगट्या तळहातावर घेतल्या, दोन बोटांनी ताणून पाहिल्या आणि म्हणाली, "बारीक आसत."

मग तिनं डबा होता तसा फळीवर ठेवला.

"रडतंस कित्याक गो? मी कौल लावलंय देवयेक. विचारलंय, ह्ये तुजे की पोराचे? ती म्हणाली, माका नको. जेचे तेका दी."

कौल म्हणजे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवून विचारायचं. उजवी पडली तर होकार. तो कोकणात कोणी मोडत नाही. शांतानं पोट सावरत वाकून सासूचे पाय धरले, आणि ज्या बाईला ती वर्षानुवर्षं भ्यायली होती तिनं तिला तशीच छातीशी ओढून घेतलं. हंडा विकायचा राहिला तो राहिलाच.

नवरात्रात शांताला कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं निघालं. ऑपरेशन करावं लागलं. जाईबाई बाहेरच्या बाकड्यावरून उठली नाही, आणि उठवायला आलेल्या वॉर्डबॉयला तिनं असा काही मालवणी प्रसाद दिला की त्यानंच तिला चहा आणून दिला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेवर आणलंत, आजी." त्या दिवसानंतर जाईबाईनं सुईणीचं नाव काढलं नाही. मुलगी झाली. औषधं, डिंक, खोबरं, दूध यांत डबा रिकामा झाला. करगोट्याचे पोरीला वाळे झाले आणि बारशाला जाईबाईनं स्वतःच्या हातानं तिला मनगट्या बांधल्या. त्या अगदी बरोबर बसल्या.

संप मिटला असं कोणी कधी येऊन सांगितलं नाही. दौलतला गिरणीनं परत घेतलं नाही. तो मसाल्याच्या गल्लीत डंकावर उभा राहिला, आणि देठं काढता काढता शांता स्वतःचा मसाला विकू लागली. पोर शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा कुठे गणपतीला गावी जायला जमलं. जाताना शांतानं तोच डबा भरून घेतला. देवीनं मोठ्या मनानं सोडलं असलं तरी आपण आपलं देणं फेडावं, असं तिला वाटत होतं.

देवळात तिनं डबा ठेवला, पोरीला पाया पडायला लावलं आणि गुरवाला म्हणाली, "संपाच्या साली आमच्या सासूबाईंनी कौल लावला होता ना, त्याचं आहे हे."

म्हातारा गुरव आठवत राहिला. "जाईबाईन? त्या साली? नाय गो. गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्याच दिवशी तिनं तांदूळ बांधून मुंबईची गाडी धरली. देवळाची पायरीसुद्धा चढली नाय. मीच विचारलं, काय गो जाईबाई, एवढी घाई? तर म्हणाली, सून घाबरली असेल."

शांता घरी आली. जाईबाई अंगणात बसून नातीसाठी ओला नारळ फोडत होती. शांता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. रागवावं की पायावर डोकं ठेवावं, तिला कळत नव्हतं.

"आई, तुम्ही कौल लावलाच नव्हता. देवीच्या नावानं खोटं बोललात?"

जाईबाईनं नारळाचं पाणी वाटीत ओतलं, नातीच्या हातात दिलं आणि सुनेकडे न बघताच म्हणाली,

"सुरवात कोणी केल्यान?"