जोमाच्या भिंतीवरचा तक्ता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून काही लपवून ठेवायची माझी छाती नाही. सांगायला बसलो की मी त्या दिवसांतल्या मोर्च्यांचं नाहीतर मानपाड्याच्या भाताचं बोलू लागतो. आजही तसं झालं तर मला टोका.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी डोंबिवलीत शाळामास्तर. रविवारी दुपारी मानपाड्याला देवळाच्या ओट्यावर लाल बावट्याच्या पक्षाचा अभ्यासवर्ग घ्यायचो. ऐकायला सगळी कुळं — पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची भातशेती कसलेली, आणि आता कायद्याने ती नावावर व्हायची आशा लागलेली. इंग्रजी वाचणारा तिथे मी एकटा. पुस्तिका हातात धरायची आणि वाचता वाचता मराठीत सांगायचं. मी सांगेन तो रशिया, मी सांगेन तो चीन. कोण तपासणार होतं?

त्या वर्गासाठी मी खाकी कागदावर एक तक्ता केला होता. तीन रकाने — रशिया, चीन, युगोस्लाव्हिया. मार्क्स एकच, मग राबवताना कोणी काय केलं? चांगला खपून केला होता हो, अभिमान वाटायचा मला त्याचा. शेवटची ओळ होती — जमीन कोणाची? तिथे माझं घोडं अडलं. रशियात ती सक्तीने सामुदायिक शेतीत गेली. चीनमध्ये आधी वाजतगाजत वाटली, आणि नेमकी त्याच सुमाराला परत गोळा करणं चालू होतं. युगोस्लाव्हियाने सक्ती करून पाहिली, जमेना तेव्हा शेतकऱ्यांना बाहेर पडू दिलं. हे सगळं मी वाचलेलं होतं. कळलेलंही होतं.

मग मी काय केलं? युगोस्लाव्हियाचा रकाना कात्रीने कापून टाकला; तो राहिला असता तर सक्तीची गोष्ट निघालीच असती. उरलेल्या दोन्हींखाली ठळक अक्षरांत लिहिलं — कसणाऱ्याची.

वर्गात जोमा नावाचा एक कूळ होता. त्याने सरळच विचारलं, "मास्तर, दिलेली जमीन मागारी त नाय घेत ना?" मी नाही म्हणालो. असं सांग म्हणून मला कोणी बजावलं नव्हतं, पक्षानेही नाही. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि ती उठून जायला नको होती. मला मास्तर म्हणवून घ्यायला आवडत होतं — एवढंच.

जोमाने तो तक्ता मागून नेला आणि घरात भिंतीवर लावला.

त्याचा थोरला भाऊ हाशा कल्याणच्या गिरणीत होता. तिथे कोणीतरी पेपर वाचून दाखवला असेल — घरी येऊन तो म्हणाला, चीनमध्ये दिलेल्या जमिनी परत घेतायत, तुझा मास्तर थापा मारतो. शब्दाने शब्द वाढला. जोमाने थोरल्या भावावर हात उचलला. माझ्यासाठी. घरात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली, चुली वेगळ्या झाल्या.

पुढच्या रविवारी त्याने हे मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तेव्हा काय लागत होतं बोलायला? हाशा खरं बोलतोय — तीन शब्द. मी मूग गिळून बसलो, असं आजवर मनाशी म्हणत आलो. पण तेही खोटंच. मी गप्प बसलो नव्हतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "बरोबर केलंस."

हे सांगायचं होतं. इतका वेळ त्याच्याभोवतीच घुटमळत होतो.

तीनेक वर्षांनी हाशा छातीच्या दुखण्याने गेला. शेवटी पाणी पाजायला धाकट्याला बोलवा म्हणत होता. बोलावणं आलं, पण जोमा त्या भिंतीपलीकडे गेला नाही.

तेराव्याला मी गेलो. जोमा आपल्या बाजूला, तक्त्याखाली बसला होता. त्याच्या बायकोने चहा दिला. तक्ता धुराने काळपट झालेला, तरी माझ्या कात्रीचा तिरका काप स्पष्ट दिसत होता. दोन वर्षांत वर्ग बंद पडला होता, युगोस्लाव्हियाचं नावही तिथे कोणाच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

जोमाने मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाऊस अडाणीच गेला, मास्तर."

मी हो म्हणालो.