रजिस्टरमधलं ‘फिटेड’

मराठीत आपल्याला भूतकाळाची फार घाई. कुणी हाक मारली की जागचं न हलता ‘आलोच’ म्हणतो. भात अजून शिजत असतो आणि आतून उत्तर येतं, ‘झालंच!’ ऐकणाऱ्यालाही ते कळतं, कुणी फसत नाही. इंग्रजीत ही सोय नाही. टीव्ही सेंटरजवळच्या इंग्रजीच्या क्लासला हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं आणि ते मला समजलंही होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर मी वेगळंच सांगितलं.

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी आहे, तिथं बाहेरच्या राज्यातले नवे साहेब आले आणि पाळी बदलतानाचं रजिस्टर इंग्रजीत लिहायचं ठरलं. त्या दुपारी माझी पाळी सुटत होती. मशीनच्या मागच्या साखळीवरचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं झाकण, मी साफसफाईसाठी काढलं होतं. बसवायला पाच मिनिटं लागली असती. आधी लिहून टाकू, मग बसवू, म्हणून मी ऐटीत लिहिलं, ‘गार्ड फिटेड’. मनात होतं ‘बसवलंच’. तेवढ्यात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि मी पळालो. हो, पळालोच.

पुढच्या पाळीला माझ्या जागी बिडकीनचा एक जण असायचा. त्यानं रजिस्टर वाचलं, मशीन चालू केलं आणि रोजच्यासारखा फडकं घेऊन गार्ड पुसायला मागं हात घातला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, बसवलं नव्हतं तर असं लिहिलं कसं? मी त्यांना ‘आलोच’, ‘झालंच’ समजावून सांगितलं. त्यांना गंमत वाटली, हसलेसुद्धा. ‘इंग्रजी कच्चं आहे, सर,’ म्हणत मी मान खाली घातली. ज्या कच्चेपणाची आयुष्यभर लाज वाटली, त्याच्याच आड लपलो. अहवालात आलं की लिहिणाऱ्याचा काळ चुकला आणि वाचणाऱ्यानंही चुकीचा अर्थ लावला. दोघांनाही समज मिळाली.

त्याला भेटायला बिडकीनला गेलो. हाताला पट्टी होती. चहाचा कप त्यानं डाव्या हातानं धरला होता.

“दादा, तुमीच शिकवलं व्हतं ना, शब्दाच्या शेवटी ई-डी असलं का काम झालेलं असतंय म्हनून? म्या बोट ठिवून वाचलं. ई-डी व्हतं.”

मी माझा कप खाली ठेवला.

“सायेब म्हनतेत माझं वाचायचं चुकलं. घरच्यांनाबी आता तसंच वाटाया लागलंय. म्या बरोबर वाचलं व्हतं का नाय?”

“बरोबर वाचलं होतंस,” मी म्हणालो. त्याच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

“मंग सायबाला तेवढं सांगा की.”

सांगतो म्हणालो. या गोष्टीला दोन महिने झाले. साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा परत फिरलो. माझी मलाच शरम वाटते. तो कामावर परत आलाय. आता रजिस्टर उघडत नाही; काय लिहिलंय, ते शेजारच्या मशीनवाल्याला विचारतो.