गाळलेलं पहिलं पान

न कळणाऱ्या खुणांचा कागद हातात देऊन कुणी ‘गा’ म्हटलं आणि गाणाऱ्याचं चुकलं, तर लाज कुणाला वाटायला हवी?

वाटली माझ्या धाकट्या बहिणीला. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही नांदेडचे. लातूरला नव्या धर्तीचं एक समूहगान होणार होतं, रचनाकार पुण्याचा. निवडचाचणीत बहिणीला मधला, एकटीने गायचा भाग मिळाला. आयोजकांनी झेरॉक्स पाठवल्या. पाश्चात्त्य पद्धतीचे, पाच रेघांवर लिहिलेले स्वर आणि त्यांत बाण, नागमोडी रेषा, चौकटी, काळे त्रिकोण. तिच्या गुरुजींना पाच रेघा वाचता यायच्या, शाळेच्या बँडमुळे. बाकी सगळी विद्या पेटीवरची, संगीताच्या परीक्षांच्या पुस्तकांतली. त्या पुस्तकांत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पायाशी टिंब म्हणजे मंद्र. या कागदावर टिंबंच टिंबं, काही वर, काही खाली. गुरुजींनी तसंच बसवलं.

त्यामुळे ती एका श्वासात छपरावर चढायची आणि पुढच्या श्वासात विहिरीत उतरायची. हे असंच असतं का, असं मी गुरुजींना विचारलं.

“नवं संगीत हाय बाई,” ते म्हणाले. “ते असंच उड्या मारून राहिलंय.”

आयोजकांना एकदा फोन करून बघा, असंही मी सुचवलं. त्यांनी विषय बदलला. विचारलं की आपलं अडाणीपण दिसतं, ही भीती आमच्याकडे शिकलेल्यांनाच जास्त. इकडे आई मिठाच्या गुळण्यांचं पाणी गरम करत होती आणि बहिणीचा घसा रोज थोडा आणखी बसत होता.

लातूरच्या तालमीत तिने तो भाग गायला. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, नांदेडकडे सगळेच एवढं ओरडून गातात का? हसू पसरलं. समूहगान बसवणारे संचालक हसले नाहीत. टिंब वर असो की खाली, स्वर तोडून, आखूड गायचा, असं त्यांनी समजावलं आणि विचारलं, “पहिल्या पानावर सगळ्या खुणांचे अर्थ दिलेत. वाचलं नाहीत?”

पहिलं पान आम्हाला आलंच नव्हतं. मी आयोजकाला गाठलं.

“ते इंग्रजीत होतं, ताई,” तो निवांतपणे म्हणाला. “तुमच्याकडं कोण वाचणार? म्हणून त्याची झेरॉक्स नाही काढली.”

वडील चळवळीतले, मी त्यांची पत्रकं वाटत वाढले. ज्या ओळीचा अर्थ वाटणाऱ्याला सांगता येत नाही, ती ओळ छापायची नाही, हा वडिलांचा घरातला कायदा. आणि इथे अर्थाचं पान बाजूला काढून नुसत्या खुणा वाटल्या होत्या! रचनाकारालाही मी सोडणार नाही. मराठी पोरांकडून गाऊन घ्यायचं, तर ते पान मराठीत लिहायला काय हरकत होती?

बहिणीचा आवाज चिरका झाला होता, कार्यक्रम तोंडावर होता. संचालकांनी तिचा भाग दुसऱ्या मुलीला दिला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, याचा राग वेगळाच. कार्यक्रमात बहीण मागच्या रांगेत उभी राहिली.

 परतीच्या एसटीत ती म्हणाली, “आक्का, आधी कळलं असतं तर मला जमलं असतं ना?”

“हाव.”

संचालकांच्या प्रतीतल्या त्या पानाचा मी फोटो काढून आणला होता. घरी बसून त्याचं मराठी केलं. टिंब : स्वर तोडून, आखूड. वरचा बाण : स्वर किंचित चढा. नागमोडी रेषा : आवाज हलवत न्या. चौकट : आतलं पुन्हा पुन्हा, आपापल्या गतीने. त्रिकोण : जमेल तितकं उंच. एका संध्याकाळचं काम. एवढंसं काम कुणी केलं नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

तुमच्या मुलामुलीच्या हातात असा कागद आला, तर अर्थाचं पान मागा. ते मिळेपर्यंत एक सूरही लावू देऊ नका. आणि तुम्हाला इंग्रजी येत असेल, तर ते पान मराठीत लिहून काढा आणि गावातल्या संगीतवर्गाच्या दारावर चिकटवा. या आठवड्यातच.